माहेरचे कार्ड

कॅनॉलसाहेब घरी कधीच नसत. त्यामुळे त्यांच्या घरी जायला हवे ते सगळे माझ्या घरी येत असे. संग्रहालयांची पत्रे, विम्याचे कागद, विजेचे बिल, भाच्याच्या मुलाच्या बारशाचे आमंत्रण आणि पेट्या. एकदा कच्छहून लाकडी दरवाजा आला, चौकटीसह. टेम्पोवाले रहीमभाई आणि आणखी तिघांनी तो उतरवून ओट्यावर भिंतीला टेकवला. रहीमभाईंनी घाम पुसला आणि मला विचारले, "मॅडम, दरवाजा आ गया. मकान पीछे से आ रा क्या?"

दरवाजा चार महिने ओट्यावर राहिला. पहिल्या आठवड्यात पोस्टमनने दोनदा त्याचीच कडी वाजवली.

हिंगोलीतल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीतून मी सात वर्षे त्यांचा पत्रव्यवहार आणि मालाची ये-जा सांभाळली. त्याआधी मी एका जिल्हा दैनिकाच्या हिंगोली कार्यालयात उपसंपादक होते. कार्यालय बंद झाले. पंधरा दिवसांनी ते एक गोणी घेऊन दारात उभे राहिले. गोणीत न उघडलेली पत्रे होती.

"तुम्हाला वाचता येतं आणि कापता येतं," ते म्हणाले. "मला दोन्ही येत नाही."

मी गोणी ठेवून घेतली. सर्वांत जुने पत्र तीन वर्षांपूर्वीचे होते. ते एका प्रदर्शनाचे निमंत्रण होते आणि प्रदर्शन होऊन गेले होते. "उत्तर पाठवा," ते म्हणाले. "काय लिहू?" "येऊ शकलो नाही, असं लिहा. खरंच आहे ते."

त्यांची सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात, सिद्धेश्वर धरणाच्या कालव्यावर गेली. गावोगाव त्यांना कॅनॉलसाहेब म्हणत आणि निवृत्तीनंतरही तेच म्हणत राहिले. कालव्याच्या कडेने फिरताना त्यांना घराघरांत हाताने केलेल्या वस्तू दिसल्या. बैलांच्या माळा, रंगवलेले पाळणे, चुंबळी, भरतकामाच्या पिशव्या. नोकरीत असताना त्यांनी एकही वस्तू घेतली नाही. पाणी सोडणाऱ्या माणसाने मागितले तर कोणी नाही म्हणत नाही, हे त्यांना माहीत होते. निवृत्त झाल्यावर त्यांनी जमवायला सुरुवात केली आणि सुरुवात कालवा न पोहोचलेल्या गावांपासून केली. कारण विचारल्यावर म्हणाले, "तिथं मला कोणी पाणी कधी सुटणार विचारत नाही. वस्तूबद्दल बोलता येतं."

संग्रहालये त्यांच्या संग्रहाला लोककला म्हणत. त्यांना तो शब्द आवडत नव्हता. ते 'काम' म्हणत. "हे काम बघा." पत्रात मी 'कलाकृती' लिहिले की ते खोडून 'काम' करत. त्यामुळे एका संस्थेने आमच्या पत्राला 'नोकरीसाठी अर्ज' समजून नकार कळवला होता. तो नकार त्यांनी जपून ठेवला.

वर्षातले अकरा महिने ते बाहेर असत. भोपाळ, भुवनेश्वर, भुज, कधी नेपाळ, कधी मध्य आशिया. सोबत एक पिशवी. तिच्यात दोन सदरे, शेंगदाण्याच्या चटणीचा डबा आणि गवंड्याचा ओळंबा. कोणतीही वस्तू भिंतीवर लागली की ते दोरी सोडून ती सरळ आहे की नाही बघत. नोकरीची सवय होती. हिंगोलीला आले की आमच्या घरातले कॅलेंडरही ओळंब्याने तपासत. एकदा त्यांनी माझ्या आईला सांगितले की कॅलेंडर सरळ आहे, भिंत तिरकी आहे.

"हाय तर हाय," आई म्हणाली. "तीस वर्षं उभी हाय ना? तुमच्या कॅनॉलसारखी फुटली तर न्हाई कुठं?"

कालवा दोनदा फुटला होता. त्यांनी ओळंबा गुंडाळून पिशवीत ठेवला आणि चहा मागितला. आईचे आणि त्यांचे चांगले जमत असे.

रोज सकाळी सात वाजता त्यांचा फोन येई. ते जगात कुठेही असोत, हिंगोलीचे सात. नमस्कार नाही, खुशाली नाही. "तेरा नंबर कुठं आहे?" मी वही बघून सांगत असे. त्यांच्या दृष्टीने माझे मुख्य काम ती वही होती. संग्रहाच्या वहीत इतर लोक वस्तूचे नाव, माप, किंमत लिहितात. आमच्या वहीत तीन रकाने होते. माहेर, मुक्काम, तब्येत. माहेर म्हणजे वस्तू जिथून आणली ते घर. मुक्काम म्हणजे ती सध्या आहे ते ठिकाण. तब्येतीच्या रकान्यात 'बरी', 'किंचित गंज', 'एका बाजूची शिवण उसवली, काळजीचे कारण नाही' अशा नोंदी असत.

दर तीन महिन्यांनी प्रत्येक माहेरी एक पत्र जाई. पत्रे ते सांगत आणि मी लिहीत असे. नर्सीजवळ रस्त्याकडेला पेढ्यांचे दुकान असलेल्या एका माणसाकडून त्यांनी जुनी पितळी कढई घेतली होती. त्याला गेलेले पत्र असे होते: "तुमची कढई सध्या भोपाळला आहे. काचेच्या कपाटात ठेवली आहे. डाग पडलेला नाही. काल एका लहान मुलीने हात लावायचा प्रयत्न केला. रखवालदार तिला रागावला. मी रखवालदाराला रागावलो."

पेढेवाल्याचे उत्तर आले: "कढई तिकडंच राहू द्या. आमी नवी घेतली. पण ती रिकामी ठेवू नका. रिकामी कढई बराबर दिसत न्हाई."

त्यांनी ते गांभीर्याने घेतले. कढईत खडीसाखरेचा एक खडा ठेवावा, असे मला भोपाळला लिहावे लागले. संग्रहालयाने मुंग्यांचे कारण देऊन नकार दिला. मग गहू सुचवला. किडीचे कारण आले. दोन महिने हा पत्रव्यवहार चालला. शेवटी कढईत एक लाकडी उलथणे ठेवण्यावर दोन्ही बाजू राजी झाल्या. पेढेवाल्याला तसे कळवले. त्याने समाधान व्यक्त केले.

या पत्रांपेक्षाही लोकांना त्यांचे कार्ड चमत्कारिक वाटे. वस्तू घेताना ते सांगतील ती किंमत देत आणि सोबत एक पोस्टकार्ड देत. कार्डावर माझ्या घरचा पत्ता, वस्तूचा नंबर आणि छापलेली एक ओळ: 'माझी वस्तू परत पाठवा.' खाली सही किंवा अंगठ्याची जागा. कार्ड कोणत्याही पेटीत टाकायचे. महिन्याच्या आत वस्तू घरी. पैसे परत करायचे नाहीत, कारण सांगायचे नाही. लेक सासरी दिली तरी माहेरचे बोलावणे येऊ शकते, मग वस्तूचे का नको, असा त्यांचा हिशेब होता. लोक त्याला माहेरचे कार्ड म्हणू लागले. मुंबईतल्या एका संग्राहकाने त्यांना सांगितले की याला खरेदी म्हणत नाहीत. ते म्हणाले, "मी कुठं म्हणतो?"

सहा वर्षांत अशी नऊ कार्डे आली. एकावर पाणीपाळीची तारीख विचारली होती. एकावर लग्नाचे आमंत्रण होते, छापील पत्रिका संपल्यामुळे. एकावर फक्त 'बरे आहोत' असे होते. वस्तू कोणीच मागितली नव्हती. त्यांना त्याचे वाईट वाटत असावे, असा माझा अंदाज आहे. प्रत्येक कार्ड आल्यावर ते विचारत, "सही ओळीखाली आहे का?" आणि नाही म्हटल्यावर "बरं" म्हणत.

एक्केचाळीस नंबरची झूल साखऱ्याजवळच्या एका तांड्यावरची होती. माहेरच्या रकान्यात मथुराबाईंचे नाव होते. वय सत्तरच्या पुढे. तांड्यावर त्यांना सगळे याडी म्हणत, म्हणजे आई. घरात बैल राहिले नव्हते. झूल ज्वारीच्या कणगीवर झाकलेली होती. लाल कापड, त्यावर निळ्या-पिवळ्या धाग्यांचे दाट भरतकाम, आरशाच्या टिकल्या, चारी कडांना कवड्या. कॅनॉलसाहेबांनी ती पाहिली आणि नेहमीचा प्रश्न विचारला, "धरणाआधीची की धरणानंतरची?"

हा प्रश्न विचित्र वाटेल, पण त्याला कारण होते. शंभर वर्षांहून जुनी वस्तू देशाबाहेर नेता येत नाही. त्यामुळे प्रत्येक वस्तूचे वय कागदावर दाखवावे लागे. गावात सनावळी कोणाला आठवत नसे. धरण सगळ्यांना आठवत असे. मथुराबाई म्हणाल्या, "धरणावर मायनं माती टाकली. तवा दुपारच्याला बसून शिवली." वय ठरले. साहेबांनी वहीत लिहायला सांगितले: 'बैलाची झूल. धरणाच्या वेळची. मधले काम अपूर्ण.' झुलीच्या मध्यभागी वीतभर लांबीच्या दोन जागा कोऱ्या होत्या. तिथे ना आरसा, ना कवडी. नुसते जाड टाके.

त्या झुलीने सगळ्यांत जास्त प्रवास केला. सहाव्या वर्षी युरोपातल्या एका संग्रहालयाने त्यांच्या संग्रहाचे प्रदर्शन ठरवले. परदेशातले हे त्यांचे पहिले स्वतंत्र प्रदर्शन. बाकीचा माल आधी गेला, तेही गेले. झुलीचे वयाचे प्रमाणपत्र उशिरा आल्यामुळे ती मागे राहिली. प्रदर्शनाच्या फलकावर तिचाच फोटो होता. मधल्या सभागृहात तिच्या मापाची भिंत उभारली होती.

पेटी मी भरली. त्यांची सूचना एवढीच होती: "प्लॅस्टिक नको. हवा खेळली पाहिजे." भाताचा पेंढा आमच्याकडे मिळत नाही. आमच्या भागात अंडी, मडकी, काचेचे सामान, काहीही नाजूक असले की सोयाबीनच्या भुसकटात ठेवतात. झूल मलमलमध्ये गुंडाळली, पेटीत चारी बाजूंनी भुसकट दाबून भरले. देशभर माल असाच जात होता. कधी तक्रार आली नव्हती.

पाचव्या दिवशी मुंबईहून एजंटचा फोन आला. "मॅडम, पेटीत शेती भरली काय तुम्ही?"

भुसकटात सोयाबीनचे चार दाणे निघाले होते. परदेशी जाणाऱ्या मालात बी-बियाणे, चारा, भुसा चालत नाही. पेटी अडवली होती. पेटी रिकामी करून, झुलीला औषधाची धुरी देऊन, नव्याने बांधायला चार दिवस लागणार होते. उद्घाटन ठरलेल्या तारखेलाच होणार होते. झूल आदल्या दिवशी पोहोचली असती. मी त्यांना कळवले. ते चार मिनिटे बोलले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज चढलेला मी ऐकला. सात वर्षांत तो दुसऱ्यांदा चढला नाही.

दुसऱ्या दिवशी दुपारी बारा वाजता कार्ड आले. नंबर एक्केचाळीस. ओळीखाली डाव्या हाताचा अंगठा. त्याच्याखाली निळ्या शाईत, कॉलेजात जाणाऱ्या मुलीच्या अक्षरात: 'माझे लग्न पंधरा दिवसांवर आहे. मी बैलावर उभी राहणार आहे. झूल लागेल. कविता, मथुराबाईंची नात.'

बंजारा लग्नात पाठवणीच्या वेळी नवरीला सजवलेल्या बैलावर उभे करतात. ती तिथूनच घरच्यांना निरोपाचे गाणे म्हणते. ही चाल त्या तांड्यावर बंद पडून बरीच वर्षे झाली होती. नवऱ्या गाडीत बसून जात होत्या. मला हे पुढे मथुराबाईंकडून कळले. त्या दिवशी माझ्यासमोर एवढेच होते: एक कार्ड, आणि मुंबईला अडकलेली एक पेटी, जिला पुढे पाठवायला माझ्या होकाराची गरज होती. होकार देऊन चार दिवस साहेबांना कार्डाबद्दल सांगितले नसते तर पेटी विमानात गेली असती आणि कार्ड उशिरा आले असे म्हणता आले असते. महिन्याची मुदत होती. महिन्यात झूल परत आणता आली असती. फक्त लग्न झालेले असते.

कार्ड दोन तास टेबलावर होते. ते दोन तास मी त्यांना कधी सांगितले नाहीत. आई आतून आली, कार्ड उचलून वाचले आणि म्हणाली, "त्या पोरीला काय सांगशील? दाण्यात अडकली म्हणून? लाव फोन."

तिकडे सकाळ होती. मी कार्ड वाचून दाखवले.

"नंबर परत वाचा."

"एक्केचाळीस."

"अंगठा ओळीखाली आहे?"

"ओळीखाली आहे."

ते म्हणाले, "पेटी अजून मुंबईतच आहे?"

"हो. भुसकटामुळे."

"काल मी जे बोललो ते मागे घेतो."

मी त्यांना परिस्थिती सांगणे माझे काम होते. फलकावर तीच आहे, निमंत्रणपत्रिकेवर तीच आहे, भिंत तिच्या मापाची आहे, उद्घाटन आठ दिवसांवर आहे, हे मी क्रमाने सांगितले. त्यांनी सगळे ऐकून घेतले.

"कार्डावरची ओळ कोणी लिहिली?" त्यांनी विचारले.

"तुम्ही."

"मग?"

झूल परत आणायचे ठरले. संग्रहालयाच्या संचालकांनी त्यांना विनंती केली, मग कराराची आठवण दिली, मग पुढच्या वर्षीचे निमंत्रण मागे घेतले. हे तिन्ही त्यांनी मला सकाळी सातच्या फोनवर, हवामान सांगावे तसे सांगितले. प्रदर्शन झुलीशिवाय उघडले. भिंत तशीच ठेवायला त्यांनी सांगितले. तिथे दुसरे काही लावू दिले नाही.

माल माझ्या नावाने पाठवलेला असल्यामुळे तो परत घेण्याचा अधिकार माझाच होता. कुरिअरवर सोडायची हिंमत झाली नाही. रहीमभाईंच्या टेम्पोने आम्ही मुंबईला गेलो, सह्या केल्या, झूल घेतली आणि परत निघालो. जालन्याच्या पुढे रहीमभाई म्हणाले, "मॅडम, छे साल में इत्ता माल ढोया मैं. आज तक किसी माल की शादी में नहीं गया."

"आताही बोलावणं मालालाच आहे," मी म्हणाले.

"तो क्या हुआ? ड्रायवर तो मैंच हूँ ना."

लग्नाच्या तीन दिवस आधी आम्ही तांड्यावर पोहोचलो. मथुराबाईंनी बाज बाहेर काढून घेतली आणि झूल तिच्यावर पसरली. आधी वास घेतला. "दवाखान्याचा वास येऊन राहिला." मग एका बोटाने कडेच्या कवड्या मोजल्या. मोजून झाल्यावर माझ्याकडे बघितले.

"दोन कमी हायत."

मी वही उघडून दाखवली. घेतानाच दोन कवड्या गळालेल्या होत्या, तशी नोंद होती.

"तुज्या वहीत असंल. माज्या मायनं तर पुऱ्या लावल्या व्हत्या." त्यांनी वही मिटून माझ्या हातात दिली. "साहेब काहून आले न्हाई?"

"ते परदेशात आहेत. प्रदर्शन चालू आहे."

"झुलीबिगर?"

"हो."

"मंग दाखवून काय राहिले तिथं?"

"भिंत."

मथुराबाईंनी पदर तोंडाला लावला. हसणे थांबेना तेव्हा बाजेच्या कडेवर बसल्या. शेजारच्या दोन बायकांना बोलावून त्यांनाही त्यांच्या भाषेत सांगितले. त्याही हसल्या.

मग त्यांनी कविताला हाक मारली. ती नांदेडला नर्सिंग शिकत होती. आजीला येणारी आमची पत्रे तीच वाचून दाखवत असे. झूल भुवनेश्वरला आहे, झूल भुजला आहे, झुलीला ऊन लागू नये म्हणून खिडकी बंद करून घेतली आहे, हे सगळे तिने वाचले होते.

"तुमचीच करणी हाय ही," मथुराबाई मला म्हणाल्या. "पत्रं वाचून वाचून लेकरू येडं झालं. म्हणे, समदे लोक तिला बघून राहिले, आन मी तिच्यावर उभी न्हाई राहिले! बापानं बोलेरो ठरवली व्हती. पोरगी म्हणे, बोलेरोत तुमी बसा."

कविता वहाणा काढून बाजेजवळ आली. मथुराबाईंनी तिचा एक पाय उचलून झुलीच्या मध्यावर ठेवला, मग दुसरा. दोन्ही कोऱ्या जागांमध्ये पाय बरोबर बसले. बाज करकरली.

"वहीत अपूर्ण लिहिलं आहे," मी सांगितले.

"काय अपुरं हाय?"

"मधलं काम. या दोन जागा."

मथुराबाई माझ्याकडे बघत राहिल्या. "आन पोरीनं पाय कुठं ठेवावं? आरशावर?"

"तुम्ही साहेबांना सांगितलं नाही?"

"त्यांनी कधी इचारलं? आले, म्हणे धरणाआधीची का नंतरची. मी सांगितलं. दुसरं इचारलंच न्हाई."

हे मी त्यांना दुसऱ्या दिवशी सकाळी सातला फोनवर सांगितले.

"तज्ज्ञ आले होते त्या झुलीसाठी," ते म्हणाले. "एक म्हणाला झिजलंय, एक म्हणाला धागा संपला असेल. मी अपूर्ण म्हणालो. मी याडीसमोर बाजेवर बसून चहा प्यालो होतो." मग विचारले, "पोरगी आहे केवढी?"

"बावीसची."

"पाय बसले?"

"बसले."

ते हसले. त्या फोनवर त्यांनी कुठल्याच नंबरची चौकशी केली नाही.

पाठवणी दुपारी होती. बैल शेजारच्या गावातून मागून आणला होता. पांढरा, मोठ्या वशिंडाचा, गर्दीची सवय नसलेला. दोन मामांनी त्याची वेसण दोन्ही बाजूंनी धरली होती. तांड्यावरच्या तरुण मुलांनी हे कधी बघितले नव्हते. मोबाईल वर धरून ती गोल करून उभी होती. माझाही वर होता. साहेबांनी व्हिडिओ कॉल लावायला सांगितले होते. चेहरा दिसत नव्हता, नुसते छत दिसत होते. मी म्हणाले, "दिसतंय का?" ते म्हणाले, "दिसतंय. तुम्ही बोलू नका. बैल दाखवा."

बैलावर झूल घातली. कविता चढली तेव्हा बैल एक पाऊल पुढे सरकला. ती वाकली, हात पसरले, खालून बायकांनी आरडाओरडा केला. मामांनी वेसण ओढली. तिने पाय चाचपले, त्या दोन जागा सापडल्या, आणि ती सरळ उभी राहिली. बैल हलला तरी मग ती हलली नाही. जाड टाक्यांवर तळवे घसरत नव्हते. तिने गाणे सुरू केले. सुरुवातीला आवाज बारीक होता, पुढे मोकळा झाला. आईचे नाव आले, बापाचे आले, मग आजीचे. तिचा बाप बोलेरोच्या बोनेटला टेकून उभा होता. त्याने तोंड फिरवून घेतले. मथुराबाई रडल्या नाहीत. त्यांचे लक्ष तिच्या पायांकडे होते.

गाणे संपले. माझ्या मोबाईलमधून टाळ्यांचा आवाज आला. एकट्या माणसाच्या नव्हत्या.

मथुराबाईंनी चमकून बघितले. "कोण हाय त्यात?"

मी मोबाईल बघितला. छत जाऊन आता माणसे दिसत होती. म्हातारी, तरुण, एक बाई कडेवर मूल घेऊन. ती साहेबांच्या पाठीमागे दाटीने उभी होती आणि सगळ्यांच्या पाठीमागे एक मोठी, पांढरी, रिकामी भिंत होती. साहेबांनी आपला मोबाईल भिंतीसमोर एका खुर्चीवर उभा केला होता आणि प्रदर्शनाला आलेल्यांना बोलावून घेतले होते.

"प्रदर्शन बघायला आलेली माणसं आहेत," मी सांगितले. "साहेबांच्या सोबत. परदेशातली."

"त्यांनी आता बघितलं समदं?"

"बघितलं."

मथुराबाईंनी मोबाईल माझ्या हातातून घेतला, उलटा धरला, सुलटा केला आणि तोंडाजवळ आणला. "ओ कॅनॉलसाहेब! लग्नाला येऊन तसंच जाऊन राहिले व्हय? लोकांला म्हणा, जेवल्याबिगर कोणी जायचं न्हाई."

पलीकडे त्यांनी ते इंग्रजीत सांगितलेले ऐकू आले. कोणीतरी हसले, कोणीतरी काही विचारले. मग त्यांचा आवाज जवळ आला.

"याडी, जेवण काय आहे विचारतायत."

"बुंदी हाय, वरण-बट्टी हाय, वांग्याची भाजी हाय. आन किती जण हायत, तेवढं मोजून सांगा."

ते मोजायला वळले. पडद्यावर त्यांची पाठ दिसली आणि हवेत हलणारे बोट. दोनदा मोजले.

"सतरा," ते म्हणाले. "माझ्यासकट."

मथुराबाईंनी मोबाईल मला परत दिला आणि मांडवाकडे तोंड करून आचाऱ्याला हाक मारली. सतरा पानं वाढवायला सांगितली.